तांब्या भरलेलाच राहतो तेव्हा

अमळनेर

चि. भाऊ,

परवा फोनवर तू आईच्या गोळ्या, बीपी, फिजिओथेरपी सगळं मोकळं सांगितलंस, आणि लघवी-संडासाचा विषय निघाला तसा आवाज खाली घेतलास. माझी माय साडेतीन वर्षं खाटेवर होती, उजवी बाजू लकव्याने गेलेली. तिचं सगळं मी आणि तुझ्या काकूने केलं. माझ्यापुढे लाजू नकोस.

आधी पाण्याचं बघ. वैशाखात आपल्याकडे पारा 45ला टेकतो, आणि मायच्या उशाशी सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. विचारलं की म्हणायची, "माले नको रे, भाऊ." मला वाटे, वयाने तहान मेली. शेवटी लघवीचं इन्फेक्शन होऊन दवाखाना झाला, तेव्हा ती काकूजवळ बोलली : पाणी प्यालं की पोराला हाक मारावी लागते.

म्हणून दिवसा पाणी, ताक तोडू नकोस. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल किंवा पिताना ठसका लागत असेल, तर त्यांनाच विचारून दे. झोपायच्या आधीचे दोन तास तेवढं हात राखून. आणि आईला हाक मारायची वेळच येऊ देऊ नकोस. दर दोन-तीन तासांनी आपणहून जा. "लागली का?" असं विचारलंस तर "नाही" म्हणेल. "चल, जरा बसून घेऊ," म्हण. सकाळच्या चहानंतर वीसेक मिनिटांनी तर बसवच. पोटात काही गेलं की आतडं हलतं, तीच वेळ पकडायची.

कमोड खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला, खाटेला लागून ठेव, आणि ब्रेक लाव. मी एकदा विसरलो. खुर्ची मागे सरकली, माय माझ्या अंगावर, दोघंही फरशीवर. तिला काही लागलं नाही. ती हसत होती आणि मला रडू आवरेना. काखेत हात घालून ओढू नकोस, लकव्याचा खांदा सैल असतो, निखळतो. कमरेला उपरणं घट्ट बांधून ते धर, आणि वाकायचं ते तू गुडघ्यात, कमरेत नाही. बसल्यावर तिचे पाय खाली टेकले पाहिजेत. नसतील टेकत तर पाट सरकव. तोल राहत असेल तर दार लोटून बाहेर थांब. नसेल तर जवळच थांब, पण तोंड फिरवून. मी रेडिओ लावायचो, आवाज झाकला जातो.

लुगडं सोडून मागून उघडा गाऊन घालावा लागला, ते मायला आजारापेक्षा जास्त खुपलं. वरून लुगड्याचा पदर टाकून द्यायचो, मग बरं वाटायचं तिला.

पुसताना पुढून मागे, मग टिपून कोरडं. तेव्हाच माकडहाड रोज बघ. लाल चट्टा बोटाने दाबून फिका पडत नसेल, तर पाठीला जखम सुरू होतेय, त्या जागेवर भार नको आणि डॉक्टरांना दाखव. डायपर रात्री ठीक. दिवसभर आपल्या सोयीसाठी लावलं की माणूस बसायचं सोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चार-पाच दिवस कोठा साफ नाही आणि मग एकदम पातळ झिरपायला लागलं, तर हगवण समजून बंद करायची गोळी देऊ नकोस. आत खडा अडकलेला असतो, बाजूने पाणी येतं. डॉक्टरांना सांग. केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही, पण पिकलेलंच दे, कच्चट केळं आणखी बांधतं. आणि सात-आठ तास लघवीच नाही, ओटीपोट फुगलंय, असं झालं तर रात्र असो की पहाट, गाडी काढ.

मी रविवारी येतोय. मायची खुर्ची माळ्यावर आहे, तिचा एक ब्रेक बदलून आणतो. आईला आधी काही सांगू नकोस. काका शेवभाजी खायला येताहेत म्हण.

तुझा,
काका