आधी दिसतंय ते सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चित्रकलेच्या फाउंडेशनच्या वर्गात चर्चेसाठी चित्रं भिंतीला लागली की पोटात गोळा येतो, आणि दुसऱ्याच्या चित्राबद्दल 'छान आहे' यापुढे काही सुचत नाही, असं तू लिहिलंस. सुचणार तरी कसं? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना ए, बी, सी श्रेणी हातात पडते. ती कशामुळे, हे कुणी सांगत नाही. चित्राबद्दल बोलायची सवयच आपल्याला लागत नाही.

'छान आहे'तून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. 'काहीतरी चुकतंय' हे त्याहून वाईट; बिचारा रात्रभर ते 'काहीतरी' शोधत बसतो. म्हणून मत राहू दे, आधी दिसतंय ते सांग. समज, वस्तुचित्रातला तांब्या टेबलावर बसलेला वाटत नाही. का? नीट बघ. तोंडाचं लंबवर्तुळ चांगलं उघडं काढलंय आणि तळाची रेघ मात्र सरळसोट. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं लंबवर्तुळ उघडत जातं, म्हणजे तळाला जास्त गोलाई हवी. एवढं सांगितलंस की तो लगेच पेन्सिल उचलेल. मग डोळे बारीक करून बघ. तांब्याची सावलीतली बाजू आणि मागचा पडदा एकाच टोनमध्ये, म्हणजे सारख्याच गडदपणात, गेलेत का? गेले असतील तर 'चुकलंय' म्हणू नकोस. 'इथली कड मुद्दाम हरवलीस का?' असं विचार. पुष्कळदा ती खरोखरच मुद्दाम हरवलेली असते.

वेळही बघावी लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो राखायला सांगायचं असेल तर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, पडण्याआधी सांग. ओल्या वॉशवर वाकून सल्ला देऊ नकोस, तेव्हा त्याचं सगळं लक्ष कागदाच्या ओलीकडे असतं. कोळसा पुसता येतो, तैलरंग खरवडता येतो. तिथे मध्येच बोललं तरी चालतं.

दुसऱ्याच्या चित्रावर हात मात्र चालवायचा नाही. दाखवायचंच असेल तर समासात, तेही विचारून. कित्येक शिक्षक थेट चित्रावरच करेक्शन करतात. मला ते मुळीच पटत नाही. चित्र सुधारतं, पण मुलाला ते आपलं वाटेनासं होतं.

तुझी पाळी आली की खुलासे देऊ नकोस. 'वेळच कमी पडला', 'कागदच खराब होता' हे सुरू झालं की ऐकणं थांबतं. लोक बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. 'कसं वाटतंय?' असं मोघम विचारण्यापेक्षा 'नजर आधी कुठे जाते?' असं विचार. तिघांनी तीन उपाय सांगितले, पण बोट एकाच जागी ठेवलं, तर त्या जागी नक्की काहीतरी अडलंय. उपाय तिघांचेही सोडून दिलेस तरी हरकत नाही. तो तुझा तू शोध.

पुढचं चित्र लावशील तेव्हा तुझा प्रश्न आधीच मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेव, आणि कोण काय म्हणालं ते मला कळव.

तुझे सर