मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन करावं का?

तुमच्या उजव्या मनगटात नस दबलीय, सर्जन ऑपरेशन सांगतात आणि घरचे म्हणतात आधी मालिश करून बघ. मी डॉक्टर नव्हे, कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ चालवतो. पण या फेऱ्यातून दोन वर्षांपूर्वी गेलोय.

माझी सुरुवात रात्रीची. दोन-अडीचला हात मुंग्यांनी भरायचा, थर्मामीटर झटकतात तसा झटकला की मोकळा. शिरोलीला गाडीवरून जाताना अॅक्सिलरेटरवरचा हात बधिर. करंगळी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, कारण मनगटात दबणारी ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एवढ्यांचीच. करंगळीतही मुंग्या असतील तर कोपर किंवा मानही बघावी लागते. एनसीव्ही, म्हणजे नसेतून करंट किती वेगानं जातो ती तपासणी केली, साखर आणि थायरॉइड तपासलं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग एक स्टेरॉइडचं इंजेक्शन. चार महिने झकास गेले.

मुंग्या परत आल्या, आणि नंतर आपोआप कमी झाल्या. मला वाटलं, सुटलो. इथंच फसलो बघा. बोटांना आता काही कळतच नव्हतं, म्हणून मुंग्या नव्हत्या. खिशात हात घालून किल्ली कुठली नि नाणं कुठलं ते समजेना. चार एमएमचा स्क्रू डोळ्यांना दिसतोय, पण चिमटीत राहत नाही. शेवटी भाकरी कुस्करताना बायकोनं पकडलं, "अहो, अंगठ्याखालचा गोळा कुठं गेला तुमचा?" दोन्ही तळहात शेजारी धरले. उजवा खरंच चपटा झालेला.

मग केलं ऑपरेशन. तेवढी जागा बधिर करून, वीसेक मिनिटांत, मनगटात नसेवर असतो तो आतला आडवा स्नायुबंध कापून तिला जागा करून दिली. संध्याकाळी घरी, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोप. पण तळहाताच्या बुडाशी तीन महिने दुखत होतं, पाना दाबला की कळ यायची. मधल्या बोटाचं टोक अजून बोथट आहे. उशीर झालाय, सगळं परत येईलच असं नाही, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं.

डाव्या हातातही नस दबलीय. तो कापलेला नाही, पट्टा बांधून झोपतो. त्यात मुंग्या येतात-जातात, पकड शाबूत आहे.

तेव्हा रिपोर्ट घेऊन सर्जनकडे जाल त्याआधी एवढं बघून ठेवा, बधिरपणा येऊन-जाऊन आहे की चोवीस तास? शर्टाचं वरचं बटण लागतं का? येऊन-जाऊन असेल तर पट्ट्याला थोडे महिने देऊ का, असं खुशाल विचारा. कायमचा बधिरपणा असेल, अंगठ्यात जोर नसेल, तर मालिशीत दिवस घालवू नका. मीही महिनाभर तेल चोळलंय, अंथरुणाला डाग पडले एवढंच.

आणि हाताचं काम असेल तर सुट्टीचा हिशोब आधी करा. गाडी मी तीन आठवड्यांनी धरली, हँड ग्राइंडर मात्र दोन महिने पोराच्या हातात होता.