आजोबांची दुनळी आणि ताईच्या घरचं यंत्र

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. रानडुकरांसाठी आजोबांनी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी आता बाबांच्या नावावर आहे. डिसेंबरात मी ताईकडे अमेरिकेला चाललोय. भाऊजी तिथे मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करतात आणि उडवलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. ते मला शिकवणार आहेत. सुरुवात कशी करू? परत आल्यावर इथेही भरता येतील का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. नाही. बाबांचा परवाना बंदूक बाळगायचा आहे, काडतुसं बनवायचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसं बनवायचं यंत्रसुद्धा दारूगोळ्यातच मोडतं, तेव्हा भाऊजींनी प्रेमाने जुनं यंत्र देऊ केलं तरी बॅगेत टाकू नका. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, हेही असू द्या ध्यानात.

तिथे मात्र जरूर शिका. यंत्राला हात लावण्याआधी एक उडवलेलं, रिकामं काडतूस मागून घ्या आणि ब्लेडने उभं चिरा. बुडाशी पितळी टोपण, त्यात मधोमध पिनचा ठोका बसलेली टोपी. भरलेल्या काडतुसात टोपीवर दारू, दारूवर प्लास्टिकचा वॅड (दारू आणि छर्रे वेगळे ठेवणारा बूच), वॅडच्या वाटीत छर्रे, आणि वर तोंडाला सहा किंवा आठ घड्या. ही उतरंड. यंत्र जुनी टोपी ठोकून काढतं, फुगलेलं बूड मापात आणतं, नवी टोपी बसवतं आणि एकेक थर चढवून घड्या घालतं. दांडा ओढणं दोन दिवसांत जमेल.

जमत नाही तो संयम. भरायच्या मापांच्या छापील कोष्टकात काडतुसाचं नळकांडं, टोपी, दारू, वॅड आणि छर्‍यांचं वजन अशी पाचांची जुळणी दिलेली असते. त्यातलं एक बदललं की कोष्टक रद्द. ‘हा वॅड संपला, तसाच दुसरा आहे’ म्हणून चालत नाही. दोन डब्यांतली दारू दिसायला सारखी असते, जळते वेगळी. काडतुसांच्या खोक्यावर ‘तीन ड्रॅम’ लिहिलेलं दिसेल. ड्रॅम हे वजनाचं जुनं माप, पण ते आतल्या दारूचं वजन समजू नका. जुन्या काळ्या दारूच्या जोराशी केलेली ती तुलना आहे. आजची धूरविरहित दारू तेवढी तोलून घातली तर नळी फाटेल. भरताना मोबाइल दुसऱ्या खोलीत, टेबलावर दारूचा एकच डबा, आणि काम संपलं की जेवणाआधी हात साबणाने धुवायचे. छर्रे बहुधा शिशाचे असतात.

आता आजोबांची दुनळी. जुन्या बंदुकांचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० चं काडतूस त्यात सहज बसतं, आणि तिथेच माणूस फसतो. काडतुसाची लांबी घड्या उलगडल्यावरची मोजतात. उडताना तोंड उघडायला जागाच उरली नाही की दाब चढतो. बंदूक दुरुस्तीवाल्याकडून घर मोजून घ्या, मगच तयार काडतुसं आणा.

मी वीसेक वर्षांचा असताना वडिलांच्या एकनळीतून ओल धरलेलं कागदी काडतूस उडवलं. धाड नाही, नुसतं फुस्स. मी दुसरं घालतच होतो, तेवढ्यात वडिलांनी बंदूक हातातून ओढली. ‘थांब ना बाप्पा! एवढी काऊन घाई?’ बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही दिसेना. वॅड मध्येच अडकलेला. नळी साफ करायच्या गजाने त्यांनी तो ढकलून काढला आणि त्या दिवशी मला पुन्हा बंदूक दिली नाही. फुसका बार आपण भाषणाला म्हणतो, पण खरा झाला तर बंदूक उघडून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय पुढचं काडतूस घालू नका.

आणि भाऊजींकडे दारू तोलायचा काटा बरोबर आहे का हे तपासायची वजनं आहेत का, ते पहिल्याच दिवशी विचारा. नसली, तर ती येईपर्यंत फिरून या.