पंप नसताना इराणच्या वाळवंटात कनातीतून पाणी कसं येतं? आपल्या औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) जुनी पाणीयोजना नहर-ए-अंबरी म्हणजे कनातच का?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. ही ती नव्हे. इराणमधली कनात म्हणजे डोंगरपायथ्याचं भूजल निव्वळ उतारावर गावापर्यंत आणणारा जमिनीखालचा बोगदा. फारसीत तिला ‘कारेज’ असा जुना शब्द आहे. अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि आपल्या बीदरमध्येही हाच शब्द चालतो.

पंप लागत नाही, कारण पाणी वर चढवायचंच नसतं. डोंगरापासून गावाकडे जमीन उतरत जाते. बोगदाही उतरतो, पण जमिनीपेक्षा फार हळू. त्यामुळे डोंगराजवळ खूप खोल असलेला बोगदा पुढे पुढे जमिनीच्या जवळ येतो आणि एका ठिकाणी उघड्यावर निघतो. तिथे पाणी आपोआप वाहतं, रात्रंदिवस, बारा महिने.

आकडे घालून पाहा. समजा जमिनीचा उतार किलोमीटरला १० मीटर आहे आणि बोगद्याचा १ मीटर. म्हणजे दर किलोमीटरला दोघांमधलं अंतर ९ मीटरने कमी होतं. डोंगराजवळच्या पहिल्या विहिरीत बोगद्याचा तळ ४५ मीटर खोल असेल, तर बरोबर ५ किलोमीटरवर पाणी जमिनीवर येईल. हेच गणित खोरासानातल्या गोनाबादच्या कसबे कनातीला लावा. तिची पहिली विहीर ३०० मीटरहून खोल आणि लांबी ३३ किलोमीटर, म्हणजे पुन्हा किलोमीटरला सुमारे ९ मीटर. ही कनात हखामनी काळातली, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची मानतात आणि तिला आजही पाणी आहे.

ही युक्ती इराणमध्येच इतकी फळली, याचं कारण तिथल्या भूगोलात आहे. यझदला वर्षाला जेमतेम ६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण शहराच्या नैर्ऋत्येला ४,००० मीटरहून उंच शीरकूह उभा आहे आणि त्यावर बर्फ पडतं. ते वितळलं की पाणी पायथ्याच्या गाळ-गोट्यांच्या पंख्यासारख्या पसरलेल्या थरात मुरतं. हा थर पाणी साठवण्याइतका सच्छिद्र असतो, हाताने खोदता येण्याइतका मऊ असतो आणि तरी बोगदा उभा राहील इतका घट्ट असतो. तिन्ही गुण एकत्र असलेली जमीन फार थोड्या मुलखांत मिळते.

आता खोदाई. ती करणाऱ्या कारागिराला ‘मुकन्नी’ म्हणतात. हे पिढीजात कसब, आणि यझदचे मुकन्नी त्यात नावाजलेले. पहिलं काम आपल्याकडच्या पाणाड्यासारखं: पायथ्याशी कुठे ओल टिकते, कुठे हिरवी झुडपं राहतात हे पाहून चाचणीची विहीर घ्यायची, तिला म्हणतात ‘गमाने’. पाणी लागलं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. काही दिवस पोहऱ्याने उपसत राहून पातळी किती वेळात पुन्हा भरते ते पाहायचं. नुसता अडकलेला पाण्याचा कप्पा असेल तर तो इथेच उघडा पडतो. झरा पक्का ठरला तर हीच विहीर ‘मादर-चाह’, म्हणजे आई-विहीर होते.

मग येतं पातळी काढणं, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा जीव इथे आहे. आई-विहिरीत पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडतात आणि जमिनीच्या कडेशी तो जिथे येतो तिथे खूण करतात. हा दोर घेऊन उताराने टप्प्याटप्प्याने खाली जायचं. प्रत्येक टप्प्यावर पाणसळीने जमीन किती उतरली ते मोजायचं आणि तेवढं अंतर दोरावर खुणेपासून पुढे नोंदवत जायचं. ज्या जागी सगळा दोर संपला, ती जागा विहिरीतल्या पाण्याच्या पातळीला आली. बोगद्याला उतार द्यायचा असतो, म्हणून तोंड, म्हणजे ‘मजहर’, त्याहून थोडं खाली धरायचं. वाटेत साधारण ३०० मीटरला एक अशा मार्गदर्शक विहिरी आखतात. प्रत्येकीची खोली याच हिशेबातून आधीच ठरते आणि खोदणाऱ्याला तेवढ्या मापाचा दोर दिला जातो. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला गणिती अल-करजी याने भूगर्भातलं पाणी काढण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात पातळी मोजण्याची साधनं आणि त्यांच्या चुका बारकाईने दिल्या आहेत.

खोदाई खालून वर, म्हणजे तोंडापासून आई-विहिरीकडे होते. उलट केली तर पहिल्याच दिवसापासून कामगार पाण्यात उभा राहील. खालून आलं तर लागलेलं पाणी मागच्या मागे वाहून जातं. बोगदा साधारण सव्वा मीटर उंच आणि पाऊण मीटरच्या आत रुंद, एक माणूस वाकून काम करील एवढाच. पुढे मुकन्नी आखूड दांड्याच्या कुदळीने खणतो, मागचा माणूस माती चामडी पोहऱ्यात भरतो आणि वर दोघेजण लाकडी रहाटाने ती ओढून घेतात. दिशा सरळ ठेवायला मागे दोन दिवे एका रेषेत ठेवलेले असतात. मान वळवून पाहिलं की दोन्ही ज्योती एकावर एक दिसल्या पाहिजेत. दिवा मंद झाला तर हवा संपत आली, ताबडतोब मागे फिरायचं.

दर २० ते ५० मीटरवर वरून एक उभी विहीर खोदतात. ती पाणी काढायला नसते. हवा आत यावी, माती बाहेर जावी आणि पुढे दुरुस्तीला उतरता यावं, एवढंच तिचं काम. आपल्या ५ किलोमीटरच्या उदाहरणात ३० मीटरला एक धरली तर सुमारे १६५ विहिरी होतात. सरासरी खोली साडेबावीस मीटर म्हटली तरी उभी खोदाईच पावणेचार किलोमीटर भरते. मुख्य बोगद्याच्या तीन चतुर्थांश लांबीची खोदाई फक्त या वाटांची! काढलेली माती विहिरीच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात. ती टाकून दिलेली माती नव्हे, अचानक पूर आला तर पाणी आत शिरू नये म्हणून केलेला बांध आहे. उपग्रहाच्या चित्रात यझद-कर्मानच्या आसपास मुंग्यांच्या वारुळांच्या रांगा दिसतात, त्या हीच कडी.

बिघडतं काय, हेही सांगायला हवं. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, भिंती खालून पोकळ होतात आणि छत बसतं. कमी झाला तर गाळ साचतो आणि पाणी तुंबतं. म्हणून किलोमीटरला अर्धा ते दीड मीटर हीच सुरक्षित मर्यादा. भुसभुशीत माती लागली तर भाजलेल्या मातीची लंबगोल कडी एकापुढे एक बसवतात, त्यांना ‘कवल’ म्हणतात. हल्ली ती सिमेंटची असतात. सगळ्यांत घातक म्हणजे दरड कोसळून तिच्यामागे तुंबलेलं पाणी. साफ करणाऱ्याने ती बेसावधपणे फोडली की लोंढा अंगावर येतो. म्हणून वरच्या बाजूच्या विहिरीतून आधी पाण्याची उंची पाहतात आणि मगच हात घालतात. आई-विहिरीला बोगदा मिळवतानाही तिचं पाणी आधी उपसून काढावं लागतं. मुकन्नी कामावर पांढरे कपडे घालतात. अंधारात दिसावेत म्हणून, आणि आतच मरण आलं तर तेच कफन व्हावं म्हणूनही.

कनात एकदा बांधून सुटका होत नाही. गाळ सतत काढावा लागतो. पाण्याची पातळी खाली गेली तर ओला भाग, ज्याला ‘तरेकार’ म्हणतात, आणखी वरच्या बाजूला वाढवावा लागतो. हा खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून मालकी वाट्यांची. वाटा मोजायचा वेळेने. मोठ्या भांड्यात पाणी, त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी बुडाली की एक माप झालं, एक खडा बाजूला. पाणी वाटणाऱ्याला ‘मीराब’ म्हणतात. मंगलाष्टकांच्या आधी घंगाळात घटिकापात्र सोडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही वाटी वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपली घटिका २४ मिनिटांची ठरलेली, आणि तिकडे गावागणिक वाटीचं माप वेगळं. हे वाटे जमिनीपासून स्वतंत्रपणे विकता येतात, भाड्याने देता येतात आणि वारसाने मिळतात. तोंडाजवळचं पाणी सर्वांत स्वच्छ, म्हणून सधन घरं आणि बागा वरच्या अंगाला, तर शेतं खाली. जुन्या गावांचा नकाशा या एका गोष्टीवरून वाचता येतो.

कायदाही पाण्यामागून आला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की कोरड्या जमिनीवर पाणी आणणाऱ्याला इराणी सम्राटांनी पाच पिढ्या ती कसण्याचा हक्क दिला होता. नवव्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला इब्न ताहिर याच्यापुढे कनातींचे तंटे येऊ लागले आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्यांची उत्तरं सापडेनात. त्याने शास्त्री बोलावून नियमांचा स्वतंत्र ग्रंथच लिहवून घेतला. त्यातला कळीचा विषय ‘हरीम’, म्हणजे एका कनातीपासून किती अंतरात दुसऱ्याने खोदू नये.

हे हरीमच विसाव्या शतकात मोडलं. खोल कूपनलिका आणि पंप आले आणि भूजल बोगद्याच्या तळाखाली गेलं. कनात फक्त वरवरचं, निसर्ग भरून देईल तेवढंच पाणी घेते, पंपाला ती मर्यादा नाही. त्यातच १९६० च्या दशकातल्या जमीन सुधारणांनी मोठे जमीनदार गेले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण गाळ काढायला पैसा आणि माणसं उभी करणारी जुनी व्यवस्थाही त्यांच्याबरोबर गेली आणि तिची जागा घेणारं दुसरं काही लगेच तयार झालं नाही. तेहरानसारखी राजधानीसुद्धा १९५० च्या दशकात नळ येईपर्यंत मुख्यतः कनातींवर जगत होती, हे आज खरं वाटत नाही. २०१६ साली युनेस्कोने ११ इराणी कनाती जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या. त्यात यझदच्या जामा मशिदीखालून जाणारी झारच कनात आहे, आणि अर्देस्तानची मून कनातही. मूनमध्ये एकावर एक असे दोन बोगदे आहेत आणि वरचं पाणी खालच्यात झिरपत नाही, कारण मध्ये न झिरपणारा थर आहे.

आता नहर-ए-अंबरी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली आणि त्या दशकातच नहरीचं काम झालं. तो मूळचा हबशी. दख्खनमध्ये येण्याआधी बगदादेत राहिलेला, आणि त्याच्या दरबारचा कारभारही फारसी वळणाचा. कल्पना कुठून आली हे उघड आहे. पण तिला सरळ कनात म्हणणं मला अर्धंच बरोबर वाटतं. इराणी कनात गाळाच्या जमिनीतली, तर आपल्याकडे खाली काळा बसाल्ट. त्यात किलोमीटरच्या किलोमीटर बोगदा कुदळीने निघत नाही. म्हणून नहरीने डोंगरपायथ्याचं आणि नदीकाठच्या मुरमातून झिरपणारं पाणी गोळा केलं आणि ते बांधीव, झाकलेल्या पाटांतून व पुढे खापरी नळांतून शहरात नेलं. वाटेत जे उंच चिरेबंदी मनोरे दिसतात ते ‘बंबे’. तिथे नळातलं पाणी दाबाने वर चढतं, कोंडलेली हवा निघून जाते आणि पाणी पुन्हा खाली उतरतं. हे पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर कधीच जात नाही, त्यामुळे इथेही पंपाची गरज नाही. पण दाबाचे नळ हे इराणी कनातीचं लक्षण नव्हे. पाणचक्कीत भिंतीवरून कोसळणारं पाणीही अशाच वेगळ्या नहरीचं, तिचं काम अठराव्या शतकातलं. थोडक्यात नहर-ए-अंबरी डोक्याकडून कनात आहे आणि पायाकडून नळयोजना.

इराणी नमुन्याच्या जवळची कनात पाहायची असेल तर दोन जागा आहेत. बीदरची नौबाद कारेज बहमनी काळातली, ती जांभ्या दगडात कोरलेली आहे. पाणी जांभ्यातून मुरतं आणि खालच्या कठीण बसाल्टवर अडतं, नेमका तोच थर तिथे पकडला आहे. दुसरी बऱ्हाणपूरची कुंडी भंडारा, १६१५ सालची, मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याच्या वेळची. सातपुड्याचा उतार आणि तापीकाठची गाळाची जमीन, म्हणजे शीरकूह आणि यझदचंच लहान रूप. शंभराच्या आसपास कुंड्या एका रांगेत आहेत आणि पाणी अजून वाहतं. तिथली अडचण मात्र इराणपेक्षा वेगळी. पाण्यात चुना इतका की भिंतींवर त्याचे थर चढतात आणि बोगदा आतून अरुंद होत जातो. ते थर तासताना मूळ दगड निघू नये याची काळजी घ्यावी लागते. आणि आसपासच्या शेतांतल्या कूपनलिका इथेही आहेतच. त्यांच्यापासून किती अंतर राखायचं, तो हरीमचाच प्रश्न आहे.