एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडची सगळी गाणी एकसारखीच वाटतात, मग त्यांचे लाइव्ह कार्यक्रम इतके गाजतात कशामुळे?

तुम्ही हेही विचारलंय की लाइव्ह ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी. तेही सांगतो, पण आधी पहिल्या प्रश्नाचं.

मी एका हौशी बँडमध्ये रिदम गिटार, म्हणजे गाण्याचा ताल धरणारी गिटार, वाजवतो. एसी/डीसीचे व्हिडिओ बघताना कित्येक वर्षं माझी नजर फक्त मुख्य गिटारिस्ट अँगस यंगवर असायची. सगळ्यांचीच असते. शाळेचा गणवेश, हाफ पँट, गळ्यात गिब्सन एसजी गिटार आणि दोन तास अखंड धावपळ. मग आम्ही त्यांचं एक गाणं बसवायला घेतलं. तीन-चार कॉर्ड्स, अर्ध्या तासात होईल असं वाटलं होतं. कॉर्ड बरोबर, वेग बरोबर, पण गाणं काही जागचं हलेना. शेवटी आमचा ड्रमर म्हणाला, "तू मधल्या जागा भरतोयस. त्या रिकाम्या सोड." त्या दिवसापासून मी अँगसच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला लागलो.

तो माल्कम यंग, बँडचा रिदम गिटारिस्ट आणि अँगसचा दोन वर्षांनी मोठा भाऊ. ग्रेच गिटार, तिच्यातले बाकीचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) काढून एकच ठेवलेला, जाड तारा. अँप मोठ्याने लावलेला, पण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली खरखर, लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, आणि त्याने तारा दाबून आवाज तोडला की ती शांतताही ऐकू येते. माझ्या मते त्यांच्या लाइव्ह ताकदीचं मूळ इथे आहे. स्टेडियममध्ये आवाजाला शंभर मीटर जायलाच साधारण ०.३ सेकंद लागतात, शिवाय तो भिंतींवर आपटून परत येतो. दाट, वेगवान वाजवणाऱ्या बँडचा तिथे गोंगाट होतो. एसी/डीसीच्या संगीतात आधीचा ठोका विरायला जागा असते, म्हणून मागच्या रांगेतल्या माणसालाही रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) स्वच्छ पोचते. गाणी सारखी वाटतात ती याच शिस्तीमुळे. घरी ऐकताना तुम्हाला जो तोचतोचपणा वाटतो, तोच मैदानात हजारो लोकांना एका तालावर उडी मारायला लावतो.

ही शिस्त पबमध्ये घडली. यंग कुटुंब मूळचं ग्लासगोचं, १९६३ साली ऑस्ट्रेलियात गेलेलं. १९७३ मध्ये भावांनी सिडनीत बँड काढला आणि ३१ डिसेंबरला तिथल्या चेकर्स क्लबमध्ये पहिला कार्यक्रम केला. बँडचं नाव आणि गणवेशाची कल्पना, दोन्ही बहीण मार्गारेटकडून आलं. नाव तर शिलाई मशीनवर लिहिलेलं होतं. १९७४ मध्ये गायक बॉन स्कॉट आला. तो अँगसला खांद्यावर घेऊन थेट गर्दीत शिरायचा आणि अँगसचं वाजवणं चालूच असायचं. वायरलेस गिटार तेव्हा नवलाईची होती. या बँडने तिचा खरा उपयोग ओळखला तो असा.

१९ फेब्रुवारी १९८० रोजी बॉन गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. पाच महिन्यांतच, जुलैमध्ये, नवा गायक ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात आला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, शोकाचं. पहिल्या गाण्याची सुरुवात घंटेच्या संथ टोलांनी होते. त्यासाठी इंग्लंडमधल्या लफबरोच्या कारखान्यात सुमारे एक टनाची घंटा ओतून घेतली होती. कार्यक्रमात वरून घंटा खाली येते आणि ब्रायन ती वाजवतो. काही जण याला तमाशा म्हणतात. मला पटत नाही. गेलेल्या मित्रासाठी दर कार्यक्रमात घंटा वाजतेय, हे माहीत असलं की अंगावर काटा येतो. मंचावर डागतात त्या तोफांचं मात्र मला तेवढं अप्रूप नाही. त्या १९८१ नंतर आल्या, शेवटच्या गाण्याला.

२०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कमला थांबावं लागलं आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो गेला. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग आला, वयाने जवळपास अँगसच्याच बरोबरीचा. १९८८ च्या दौऱ्यातही त्यानेच काकाची जागा सांभाळली होती. २०१६ मध्ये ब्रायनच्या कानांनी दगा दिला, तेव्हा उरलेल्या दौऱ्यात गन्स एन रोझेस या बँडचा गायक ॲक्सल रोझ गायला. लिस्बनमध्ये तर मोडलेला पाय घेऊन, खुर्चीत बसून. गायक बदलूनही बँड उभा राहिला, कारण खालचा पाया तसाच होता. पुढे ब्रायन परतला, २०२० मध्ये 'पॉवर अप' हा अल्बम आला आणि २०२४ मध्ये ते पुन्हा युरोपच्या दौऱ्यावर निघाले.

आता कुठून सुरू करायचं ते. 'इफ यू वाँट ब्लड यूव्ह गॉट इट' (१९७८) हा अल्बम आधी ऐका. तो मुख्यतः ग्लासगोच्या अपोलो थिएटरमधला आहे. यंग भावांच्या जन्मगावचे प्रेक्षक अँगसच्या नावाचा गजर करताना त्यात स्पष्ट ऐकू येतात. १९९२ चा 'लाइव्ह' हा अल्बम सुरुवातीला नको, तो वेगवेगळ्या कार्यक्रमांतून वेचून जुळवलेला आहे. त्याऐवजी १९९१ चा इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनचा कार्यक्रम बघा, तोही संपूर्ण.

मग डिसेंबर २००९ चा ब्युनोस आयर्सचा, रिव्हर प्लेट स्टेडियममधला. तिथली गर्दी बघताना भान हरपतं, तरी एक गाणं फक्त माल्कमसाठी राखून ठेवा. कोरसची वेळ आली की तो आणि बासवाला क्लिफ विल्यम्स चार पावलं पुढे येऊन माइकवर गातात, आणि ओळ संपताच दोघेही पुन्हा मागे, ड्रमच्या शेजारी आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.