द्राक्षं युरोपला पाठवायची तर नोंदणीला कोणते कागद लागतात, आणि फवारणीची वही नंतर लिहिली तर चालते का?

तुमचा प्रश्न असा आहे: पावणेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, सातबारा वडिलांच्या आणि दोन चुलत्यांच्या नावावर, व्यापारी म्हणतो "नोंदणी माझा माणूस करेल, तुम्ही सही तेवढी करा", आणि फवारणीची वही तोडणीच्या तोंडावर एकदम लिहून काढली तर चालेल का.

वहीचं आधी सांगतो. चालत नाही. लोक दरवर्षी तसंच लिहितात, पुष्कळांचं निभावूनही जातं, तरी चालत नाही. मी निफाड तालुक्यात पंचवीस वर्षं बाग करतोय आणि अशाच एका वहीवरून माझं आणि थोरल्या भावाचं आजपर्यंत पटलेलं नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

कागदांचं थोडक्यात. सातबारा, प्लॉटच्या चतुःसीमा दाखवणारा नकाशा, ओळखपत्र आणि अर्ज. कृषी सहायकामार्फत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायचं, नोंदणी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याच्या पातळीवर होते आणि प्लॉटला नंबर मिळतो. तो दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. सातबारा सामाईक असेल तर चुलत्यांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा, आणि पीक पाहणीत द्राक्ष लागलंय का ते बघा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपणच मोबाईलवरून करायची आहे, त्यामुळे तिथे चुकीचं पीक पडलं तर तलाठ्याला बोल लावता येत नाही. पुढे बागेची तपासणी होते, त्या अहवालाला आमच्याकडे सगळे 'फोर-बी' म्हणतात. मग प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः नमुना काढतो, रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात औषधाचा किती अंश उरलाय त्याचा अहवाल, येतो, आणि तो मर्यादेत बसला तरच माल अपेडाची (केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था) मान्यता असलेल्या पॅकहाऊसला, म्हणजे पेट्या भरायच्या केंद्राला, जातो. ॲगमार्क (मालाच्या प्रतीचा दाखला) आणि फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) ही निर्यातदाराची कामं. त्यात तुम्ही पडू नका.

आता ती वही.

२००९ ची खरड छाटणी, म्हणजे पुढच्या मालासाठी काडी तयार व्हावी म्हणून उन्हाळ्यात करतात ती. तेव्हा आम्ही एकत्र होतो, बाग दोन तुकड्यांत. विहिरीकडचा तुकडा जुना, जोरात फुटणारा. ओढ्याकडचा तुकडा तिसऱ्या वर्षाचा, त्याची फूटच मुळात हलकी. जुन्या बागेची वाढ थांबावी आणि काडीत माल धरावा म्हणून तिला आम्ही सीसीसी मारलं, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. सगळेच मारायचे. ओढ्याकडच्या बागेला मारलं नाही, तिला थांबवण्यासारखं काही नव्हतंच.

मला पहिल्यापासून लिहायची सवय. शाळेची दोनशे पानी वही, पानावर रेघ मारून चार रकाने: तारीख, औषध, पंपाला किती, कुठला तुकडा. कृषी सेवा केंद्राची पावती त्याच पानाला टाचणीने लावायची, कारण पावतीवर बॅच नंबर असतो. मे महिन्याच्या एका पानावर माझ्या अंगठ्याचा मोरचुदाचा निळा ठसा अजून आहे, त्याच्याच खाली लिहिलंय: "विहीर प्लॉट, सीसीसी दुसरा हात. ओढा, नाही." दादा म्हणायचा, खरड छाटणीचं कशाला लिहितोस, तपासणीला ऑक्टोबरपासूनचं, म्हणजे फळाच्या छाटणीपासूनचं, विचारतात. गावात सगळे ऑक्टोबरपासूनच लिहायचे.

नोंदणीच्या वेळी दादाचं म्हणणं, गट एक आहे तर नंबरही एकच घेऊ, एका नमुन्याचे पैसे वाचतील. मी अडून बसलो. छाटणीच्या तारखा वेगळ्या, वेलीचं वय वेगळं, मग प्लॉट दोन. शेवटी दोन नंबर घेतले. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवणाच्या वेळा बदलल्या होत्या, इतका वाद झाला.

विहिरीकडचा माल फेब्रुवारीच्या शेवटी गेला. रिपोर्ट नीट, तोडणी नीट, पेट्या नीट. आणि मग युरोपात सीसीसी सापडल्याच्या बातम्या आल्या. ज्यांना २०१० आठवतं त्यांना जास्त सांगायला नको. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे हजार टन द्राक्षांत पन्नास ग्रॅम. आणि हे औषध आपल्याकडे ज्या औषधांची तपासणी व्हायची त्या यादीतच नव्हतं. म्हणजे आमचा रिपोर्ट खोटा नव्हता, त्यात हे शोधलंच गेलं नव्हतं. एप्रिल-मे मध्ये मारलेलं औषध काडीत-खोडात राहून पुढच्या मालात उतरतं, हे त्या उन्हाळ्यात प्रत्येक बागायतदाराला पाठ झालं. कंटेनर तिकडे अडकून पडले. त्यात नियम मोडणारे होते असं नाही, सांगितलं तसं वागलेले लोक त्यात बुडाले. याचा राग मला आजही आहे.

निर्यातदाराचा माणूस घरोघर विचारत आला: खरड छाटणीला सीसीसी मारलं होतं का? गावातले बहुतेक म्हणाले, नाही. वह्या ऑक्टोबरपासूनच्या, दाखवायला काही नाही. दादाने मला आत बोलावलं आणि म्हणाला, तू पण नाही म्हण. मी वही बाहेर आणली.

विहिरीकडच्या मालाचे ठरलेल्यातले जेमतेम निम्मे पैसे आले. "मारलं नाही" म्हणणाऱ्यांतल्या दोघांना पूर्ण मिळाले. हे मी लपवत नाही, कारण दादाचा सगळा मुद्दा यावर उभा आहे: वही नसती तर पैसे कापले गेले नसते.

पण ओढ्याकडची बाग उशिरा छाटलेली होती, माल अजून वेलीवर होता. त्या माणसाने मे महिन्याचं पान दोनदा वाचलं, पावत्या बघितल्या, नंबर वेगळा आहे याची खात्री केली आणि त्या एका प्लॉटचा नमुना सीसीसीसाठी पुन्हा काढायला लावला. रिपोर्ट स्वच्छ आला. भाव आधीपेक्षा कमी मिळाला, पण माल युरोपलाच गेला. शेजारच्या बागा त्याच आठवड्यात लोकल बाजारात मिळेल त्या भावाने गेल्या, काहींनी बेदाण्याला दिल्या. नंबर एकच घेतला असता तर आमचीही दोन्ही तुकड्यांची माती झाली असती. दादा या दुसऱ्या प्लॉटचे पैसे कधी हिशोबात धरत नाही. पंधरा वर्षं मी त्याला हेच सांगतोय की कापलेले पैसे मोजतोस तसे वाचलेले पण मोज.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत. वही ज्या दिवशी फवारणी त्याच दिवशी, आणि खरड छाटणीपासून लिहायची. मागून लिहिलेली वही डोळे असलेल्या माणसाला लगेच कळते. एकच पेन, एकसारखं अक्षर, ज्या दिवशी गावात गुडघाभर पाणी होतं त्या दिवशीही फवारणी. पीएचआयचे, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस तोडणीपासून उलटे मोजून बसवलेले असतात, ते तर हमखास दिसतं. दोन जाती असतील किंवा छाटणीत फरक असेल तर प्लॉट वेगळे नोंदवा. नमुन्याचे पैसे वाचवू नका.

आणि व्यापाऱ्याच्या माणसाकडून नोंदणी करून घेऊ नका. सगळे व्यापारी लबाड असतात असं मी म्हणत नाही, माझा सध्याचा निर्यातदार दहा वर्षं वेळेवर पैसे देतोय. पण नंबर तुमच्या प्लॉटचा आहे. दुसऱ्याच्या बागेचा माल त्या नंबरवर गेला आणि रिपोर्ट फसला तर ब्याद तुमच्या दारात येते. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याचा बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यवहार मोकळा झालाय, त्यामुळे बांधावरच्या सौद्यात पैसे बुडाले तर समितीकडे दाद मागणंही अवघड. सौदा लिहून घ्या: भाव, पैसे देण्याची तारीख, रिपोर्ट नापास झाला तर काय.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी सांगितलं ते माझ्या जिल्ह्यातलं आहे, सांगली-सोलापूरकडे कार्यालयातली पद्धत थोडी वेगळी असू शकते. औषधांची यादी आणि पीएचआय दर हंगामाला बदलतात, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू वर्षाची यादीच धरा, गेल्या वर्षीची किंवा दुकानदाराच्या तोंडची नको. तुम्हाला फक्त दुबई किंवा बांगलादेशला माल द्यायचा असेल तर यातलं बरंचसं लागणार नाही, पण वही तरी ठेवा. चुलते संमतीपत्राला तयार नसतील तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे तो प्रश्न वाटणी होऊनच सुटला.

व्यापाऱ्याच्या माणसाने अर्ज आधीच भरून आणला असेल तर सही करण्यापूर्वी त्यावर मोबाईल नंबर कुणाचा टाकलाय ते बघा. तुमचा नसेल तर तो अर्ज परत द्या आणि कोरा मागून घ्या.