आधी भिशीचं विचार

कॉलेजात कुटुंबाचं अर्थशास्त्र शिकवायचं, त्यावर संशोधन करायचं म्हणतेस. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचं टेन्शन तू घेतलंच आहेस, त्यावर जास्त बोलत नाही. पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, सहायक प्राध्यापक व्हायला सहसा एवढं लागतं. विषय मात्र आत्ताच ठरव: होम सायन्स, कॉमर्स की अर्थशास्त्र. जाहिराती त्याच नावांनी निघतात. 'कुटुंबाचं अर्थशास्त्र' अशी जागा ठाण्यात मला तरी कधी दिसली नाही. सीएफपी (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) जरूर कर, पण ते आर्थिक सल्लागाराचं प्रमाणपत्र. नेटऐवजी चालत नाही.

खरी गंमत संशोधनात आहे. २०१९ चं कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षण, २०२२-२३ चं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण, दोन्हींचा घरनिहाय डेटा सरकार फुकट देतं. तो वापरच. पण कोपरखैरणेत माथाडी कुटुंबांतही जाऊन बस. "महिन्याला किती वाचतात?" म्हणालीस की उत्तर ठरलेलं, "कुठले वाचतायत!" तेच "भिशी कितीची?" विचार, लगेच डब्यामागून वही निघते. माझी पीएचडीची पहिली प्रश्नावली 'वाचतात' या एका शब्दापायी वाया गेली. दोन महिने पाण्यात.

आणि हो, सासू समोर असताना सुनेला आकडा विचारू नकोस. स्वयंपाकघरात गेल्यावर तो बदलतो.